रात्री ठणठणीत असलेली मेंढी सकाळी मेलेली का सापडते? पोटात तयार होणारं विष मेंदूपर्यंत कसं पोहोचतं?

मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की माळरानावर हिरवळ येते. उन्हाळाभर वाळक्या काडीवर जगलेला कळप त्या कोवळ्या गवतावर तुटून पडतो. आणि याच दिवसांत मेंढपाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाच प्रकारचे व्हिडिओ फिरू लागतात. आडवी पडलेली मेंढी, मान मागे ताणलेली, चारही पाय पॅडल मारल्यासारखे हलतायत, तोंडाला फेस. पुढच्या फोटोत मेलेल्या मेंढ्यांची रांग.

खाली तर्क सुरू होतात. कुणीतरी विष घातलं. साप चावला. फवारलेलं गवत खाल्लं. नजर लागली.

यातले पहिले तीन तर्क कधीकधी खरेही निघतात. पण पावसाळ्याच्या तोंडावर अचानक होणाऱ्या या मृत्यूंमागे अनेकदा वेगळंच कारण असतं. विष बाहेरून आलेलं नसतं, ते मेंढीच्या स्वतःच्या आतड्यात तयार झालेलं असतं. या आजाराचं नाव आंत्रविषार. मेंढपाळ आणि पशुवैद्यक त्याच्या लसीला 'ईटी'ची लस म्हणतात. नावात 'आंत्र' म्हणजे आतडं असलं, तरी मेंढीला मारणारा घाव बहुतेक वेळा मेंदूत बसतो. पोटातलं विष मेंदूपर्यंत कसं जातं हे कळलं, की या आजारावर ऐनवेळी औषध का चालत नाही आणि लसीची तारीख चुकणं इतकं महागात का पडतं, हेही कळतं.

जिवाणू तर आधीपासूनच पोटात असतो

हा आजार घडवणाऱ्या जिवाणूचं नाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, त्यातला 'डी' प्रकार. तो मातीत असतो आणि अनेक निरोगी मेंढ्यांच्या आतड्यातही थोड्या संख्येने असतो. थोडा असतो तोवर त्याचा त्रास नाही. तो जे थोडंफार विष तयार करतो, ते आतड्याच्या हालचालीसोबत पुढे सरकून शेणावाटे निघून जातं.

गडबड होते ती खाणं अचानक बदललं की. रवंथ करणाऱ्या जनावराचं पहिलं मोठं पोट, म्हणजे कोटीपोट, चाऱ्याच्या सवयीने चालतं. तिथले सूक्ष्मजीव रोजच्या चाऱ्याला सरावलेले असतात. वाळक्या चाऱ्यावरून एकदम लुसलुशीत गवतावर किंवा धान्यावर आलं, की बरंच पिष्ट आणि साखर अर्धवट पचलेल्या स्थितीत पुढे लहान आतड्यात जाते. परफ्रिंजेन्ससाठी ही मेजवानीच. तो काही तासांत प्रचंड वाढतो आणि 'एप्सिलॉन' नावाचं विष सोडू लागतो.

म्हणूनच या आजारात कळपातलं सगळ्यात धष्टपुष्ट जनावर आधी मरतं. जे अधाशासारखं खातं, त्याच्याच आतड्यात जिवाणूला जास्त खाद्य मिळतं. आईचं भरपूर दूध एकट्याने पिणारं कोकरूही यात सापडतं. मेंढपाळ हळहळतो, "चांगलं होतं तेवढंच गेलं." हा निव्वळ योगायोग नसतो.

धोका फक्त मृगातच असतो असंही नाही. सुगीनंतर शेतात सांडलेली ज्वारी, बाजरी किंवा मका कळपाला मिळते, तेव्हाही हेच घडू शकतं. खतासाठी रानात मेंढ्या बसवल्यावर धान्याचा ढीग उघडा राहिला तरी तेच. आणि बकरी ईदच्या आधी वजन वाढवण्यासाठी बोकड-मेंढ्यांना एकाएकी मक्याचा खुराक सुरू केला जातो, तेव्हाही.

विषाला धार लावतं मेंढीचंच पाचक द्रव्य

जिवाणू जे सोडतो ते तयार विष नसतं. त्याला 'पूर्वविष' म्हणता येईल. त्याची ताकद फार कमी असते. पण लहान आतड्यात स्वादुपिंडातून आलेलं ट्रिप्सिन नावाचं पाचक द्रव्य असतं. प्रथिनं तोडणं हे त्याचं रोजचं काम. ते या पूर्वविषाची टोकं छाटून टाकतं आणि तसं करताच विष कैक पटींनी प्रखर होतं. थोडक्यात, मेंढीची पचनसंस्था आपलं नेहमीचं काम करते आणि नकळत शत्रूच्या सुरीला धार लावून देते.

क्लॉस्ट्रिडियम कुळातल्या विषांमध्ये बोटुलिनम आणि धनुर्वाताच्या विषानंतर एप्सिलॉनचा तिसरा नंबर लागतो, इतकं ते घातक आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने त्याला जैविक हल्ल्यात वापरलं जाण्याची शक्यता असलेल्या घटकांच्या 'ब' गटात ठेवलं होतं.

धार लागलेलं विष आधी आतड्याचं अस्तर सैल करतं आणि त्यातून रक्तात शिरतं. इथून पुढचा प्रवास मिनिटा-तासांचा असतो.

मेंदूची भिंत फुटते तेव्हा

शरीरातल्या बाकी अवयवांमध्ये बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती थोड्या झिरपणाऱ्या असतात. मेंदूत तसं चालत नाही. तिथल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात, की रक्तातली बहुतेक मोठी रेणूद्रव्यं आत जाऊ शकत नाहीत. याला रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. अनेक विषं आणि अनेक औषधं या भिंतीवर आपटून परत फिरतात.

एप्सिलॉन विष या भिंतीलाच लक्ष्य करतं. पेशीच्या पृष्ठभागावर 'एमएएल' नावाचं एक प्रथिन असतं. विषाचा रेणू त्याला जाऊन चिकटतो. असे सात रेणू एकत्र येऊन एक कडं तयार करतात आणि ते कडं पेशीच्या आवरणात आरपार घुसतं. आवरणाला भोक पडतं. आतलं पोटॅशियम बाहेर जातं, बाहेरचं सोडियम आणि कॅल्शियम आत येतं, पेशी फुगते आणि मरते. ज्या उंदरांमध्ये एमएएल प्रथिन नव्हतं त्यांना हे विष बाधलं नाही, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. कुलूप नसेल तर किल्लीचा उपयोग नाही, तसं.

भिंतीतल्या पेशी मेल्या की रक्तातला प्रथिनयुक्त द्रव मेंदूत झिरपू लागतो. मेंदू सुजतो. पण कवटी हाडाची आहे, ती ताणली जात नाही. सूज आतल्या आत दाबत जाते. त्यातच या विषामुळे चेतापेशी ग्लुटामेट नावाचं उत्तेजक द्रव्य भरमसाठ सोडतात. व्हिडिओत दिसणारे झटके, ताणलेली मान, झाडले जाणारे पाय ही या दोन्हींची बाहेरून दिसणारी खूण. अशा मेंढीला लक्षणं दिसल्यापासून मृत्यूपर्यंत अनेकदा काही तासच मिळतात. पुष्कळ वेळा तर लक्षणं दिसतच नाहीत, कारण ती रात्रीत येऊन गेलेली असतात.

ज्या मेंढ्यांमध्ये विष कमी प्रमाणात गेलं किंवा जुन्या लसीचं थोडं संरक्षण शिल्लक आहे, त्या काही दिवस तगतात. त्यांचं चित्र निराळं असतं. आंधळ्यासारखं चालणं, भिंतीला डोकं टेकून उभं राहणं, कळपापासून बाजूला पडून गोल गोल फिरणं. अशा मेंढीचा मेंदू कापून पाहिला तर विशिष्ट ठिकाणी मऊ, गळून गेलेले डाग दिसतात. आणि ते डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना, जवळपास एकाच जागी असतात. पशुरोगशास्त्रात ही इतकी ओळखीची खूण आहे, की तिच्यावरून आंत्रविषाराचं निदान करता येतं.

मूत्रपिंडातही एमएएल प्रथिन असतं, त्यामुळे विष तिथेही बसतं. मेल्यानंतर मूत्रपिंड लवकर मऊ होऊन लगद्यासारखं होतं. इंग्रजीत या आजाराला म्हणूनच 'पल्पी किडनी' म्हणतात. पण इथे एक गोम आहे. उन्हात चार-सहा तास पडलेल्या कुठल्याही मेंढीचं मूत्रपिंड मऊच होतं. त्यामुळे प्रेत ताजं असेल तरच या खुणेला अर्थ आहे.

झटके दिसले म्हणजे मेंदू सडला, असं नाही

सोशल मीडियावर जनावर लुळं पडलेलं किंवा ताठलेलं दिसलं की सगळ्याला एकच नाव दिलं जातं. प्रत्यक्षात जिवाणूंची विषं चेतासंस्थेवर वेगवेगळ्या वाटांनी जातात.

धनुर्वाताचं विष जखमेतून चेतातंतूच्या आतून उलटं चढत पाठीच्या कण्यापर्यंत जातं आणि स्नायूंना सैल करणारे संदेश बंद करतं. जनावर ताठतं, पण मेंदूला भोकं पडत नाहीत. बोटुलिनमचं याच्या अगदी उलट: ते स्नायू आणि चेतातंतू जिथे जोडले जातात तिथेच थांबतं आणि स्नायूपर्यंत संदेश जाऊ देत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवरावर १८ हजारांहून अधिक पक्षी मेले. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने त्याचं कारण हेच विष असल्याचं सांगितलं. ते पक्षी मान टाकून मेले, पण घाव मेंदूतला नव्हता.

आंत्रविषाराच्या जवळचं उदाहरण डुकरांच्या पिल्लांचं. आईपासून तोडल्यानंतर त्यांच्या आतड्यात ई. कोलाय जिवाणूचा एक प्रकार वाढतो, त्याचं विष रक्तवाहिन्यांच्या भिंती बिघडवतं आणि मेंदूला सूज येते.

सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट अमेरिकेतली. १९९४-९५ च्या हिवाळ्यात आर्कान्सा राज्यातल्या डीग्रे तलावाच्या परिसरात २९ टकले गरुड मेलेले सापडले. त्यांच्या मेंदूच्या पांढऱ्या भागात स्पंजासारखी भोकं होती. कारण सापडायला पाव शतक लागलं. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात उत्तर आलं: हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानांवर वाढणारा एक सायनोबॅक्टेरिया ब्रोमाइड मिळालं की विष बनवतो. ती वनस्पती पाणपक्षी खातात आणि ते पक्षी गरुड खातात.

मग इंजेक्शन देऊन मेंढी वाचत का नाही?

मेंढी पडली की मेंढपाळ जवळच्या मेडिकलमधून अँटिबायोटिक आणतो. अँटिबायोटिक जिवाणू मारतं. पण तोवर विष तयार होऊन, रक्तात शिरून, मेंदूच्या वाहिन्यांना चिकटलेलं असतं. चिकटलेलं विष अँटिबायोटिकने सुटत नाही आणि पडलेली भोकं बुजत नाहीत. विषावरचा उतारा, म्हणजे अँटिटॉक्सिन, लक्षणं दिसण्याआधी दिला तर उपयोग होतो. झटके सुरू झाल्यावर तोही फारसा कामाचा नाही.

त्यामुळे पहिली मेंढी मेली की पडलेल्या मेंढीमागे धावण्यापेक्षा उभ्या असलेल्या मेंढ्यांकडे पाहणं शहाणपणाचं. कळप त्या हिरव्या रानातून लगेच हलवायचा, खुराक बंद करायचा, वाळका चारा द्यायचा आणि पशुवैद्यकाला बोलवायचं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. उरलेल्यांना लस द्यायची की नाही, हे पशुवैद्यक ठरवतील. मात्र लसीचं संरक्षण तयार व्हायला एक-दोन आठवडे लागतात, त्या दिवसांत चाऱ्यावर लक्ष हवंच.

आणि प्रेत स्वतः फाडून पाहायचं नाही. अचानक मृत्यू काळपुळीनेही, म्हणजे अँथ्रॅक्सनेही होतो. त्यात प्रेत उघडलं तर जिवाणूंचे बीजाणू मातीत पसरतात आणि माणसालाही लागण होऊ शकते. ज्वारीचे कोवळे फुटवे खाल्ल्याने होणारी सायनाइडची विषबाधाही अशीच झटपट मारते. कुठलं कारण आहे हे ताज्या प्रेताच्या आतड्यातल्या द्रवात एप्सिलॉन विष सापडतं का, यावरून आणि मेंदूच्या तपासणीवरून ठरतं. पुण्यात औंधला राज्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. पण नमुना ताजा आणि थंड स्थितीत पोहोचला तरच ती काही सांगू शकते. माळावर मेलेल्या बहुतेक मेंढ्या तपासणीविनाच पुरल्या जातात आणि कारणाच्या रकान्यात 'विषबाधा' असा मोघम शब्द उरतो.

'मटण खाल्ल्याने मेंदूचा आजार' हे खरं आहे का?

गेल्या काही वर्षांत या विषाचं नाव माणसाच्या एका आजाराशी जोडलं जातंय. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. यात चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजतं. एप्सिलॉन विष ज्या एमएएल प्रथिनाला चिकटतं, ते मायलिन बनवणाऱ्या पेशींवरही असतं. त्यामुळे न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिसिन आणि रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांचं याकडे लक्ष गेलं. २०१३ मध्ये त्यांनी एमएसच्या एका रुग्णाच्या आतड्यात हे विष बनवणारा जिवाणू सापडल्याचं प्रसिद्ध केलं. २०२३ च्या शोधनिबंधात एमएसच्या रुग्णांमध्ये हा जिवाणू निरोगी लोकांपेक्षा जास्त वेळा आणि जास्त प्रमाणात आढळल्याचं म्हटलं. उंदरांवरच्या प्रयोगात या विषाने मेंदूच्या अशा भागांत घाव झाले, जे एमएसच्या रुग्णांमध्ये दिसतात.

हा धागा महत्त्वाचा आहे, पण रुग्णगट लहान होता आणि जिवाणू आढळणं म्हणजे त्यानेच आजार केला असं नव्हे. एमएसच्या बाबतीत सध्याचा सर्वांत भक्कम पुरावा एका विषाणूविरुद्ध आहे. अमेरिकन सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये दाखवलं गेलं, की एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो. पण हा विषाणू बहुतेक सगळ्यांना होऊन जातो आणि एमएस फार थोड्यांना होतो. दुसरी ठिणगी कोणती, या प्रश्नाचं एक संभाव्य उत्तर म्हणून एप्सिलॉनकडे पाहिलं जातंय. मटण खाल्ल्याने किंवा मेंढ्या पाळल्याने एमएस होतो, असं या संशोधनात कुठेही म्हटलेलं नाही. तसा मेसेज आला तर तो पुढे पाठवण्यासारखा नाही.

लस आहे, तरी मेंढ्या का मरतात?

आंत्रविषाराची लस नवी नाही. याच विषावर फॉर्मेलिनची प्रक्रिया करून त्याची मारक शक्ती काढून टाकली जाते, पण त्याची ओळख शिल्लक ठेवली जाते. ते टोचलं की मेंढीचं शरीर विषाला रक्तातच पकडणारी प्रतिपिंडं तयार करतं. विष मेंदूच्या भिंतीपर्यंत पोहोचायच्या आत पकडलं जातं. महाराष्ट्रात औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत ही लस बनते आणि सरकारी दवाखान्यांमार्फत पावसाळ्यापूर्वी दिली जाते.

अडचण दुसऱ्या मात्रेत आहे. ही लस निर्जीव विषाची असल्यामुळे पहिल्यांदा दिलेली एकच मात्रा पुरेशी नसते. पहिली मात्रा शरीराला नुसती तोंडओळख करून देते. १४ ते २१ दिवसांनी दुसरी दिली, तरच प्रतिपिंडं विषाला पुरून उरतील इतकी वाढतात. पुढे दरवर्षी एक मात्रा पुरते.

आता हे वेळापत्रक धनगरांच्या वर्षाशी लावून पाहा. फलटण, बारामती किंवा पारनेरच्या बाजूचे अनेक कळप दिवाळीनंतर गाव सोडतात, काही घाट उतरून कोकणात जातात आणि पाऊस सुरू व्हायच्या सुमारास परततात. म्हणजे एप्रिल-मे, लसीचे नेमके दिवस, वाटेवर जातात. पहिली मात्रा एका तालुक्यात घेतली, तर तीन आठवड्यांनी कळप दुसऱ्याच तालुक्यात असतो. तिथल्या दवाखान्याकडे त्याची नोंद नसते. मेंढपाळाला वाटतं, लस झाली. सरकारी आकड्यांत ती झालेलीच असते. पण एका वर्षाच्या आतल्या ज्या कोकरांना आयुष्यात पहिल्यांदा लस मिळाली, ती मृगाच्या गवतावर जवळपास उघडीच उतरतात. 'किती मात्रा दिल्या' याऐवजी 'किती जनावरांची दुसरी मात्रा वेळेत झाली' हे मोजलं, तर चित्र बरंच वेगळं दिसेल. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या आणि एक कोटीहून अधिक शेळ्या आहेत.

यावर उपाय फार खर्चिक नाही. लसीचं कार्ड कळपासोबत फिरलं आणि वाटेवरच्या कुठल्याही दवाखान्यात दुसरी मात्रा मागता आली, तर अर्धं काम होतं. गाभण मेंढीला विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी लस दिली, तर तिच्या चिकातून कोकराला पहिल्या काही आठवड्यांचं संरक्षण मिळतं. लसीची बाटली दोन ते आठ अंश तापमानात ठेवायची, गोठू द्यायची नाही आणि टोचण्याआधी नीट हलवायची. बाटली उन्हात मोटारसायकलच्या डिकीत पडली असेल, तर कागदावर लसीकरण होतं, मेंढीत होत नाही.

शेळ्यांचं गणित आणखी अवघड आहे. मेंढ्यांसाठी चांगली चालणारी हीच लस शेळ्यांमध्ये कमी आणि थोड्या काळासाठी संरक्षण देते, त्यामुळे धोका जास्त असलेल्या ठिकाणी पशुवैद्यक त्यांना वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा टोचायला सांगतात. शेळ्यांमध्ये आजारही अनेकदा झटक्यांऐवजी रक्ताळ किंवा पातळ हगवणीच्या रूपात येतो आणि तो आंत्रविषार म्हणून ओळखलाच जात नाही. ईदसाठी बोकड बांधणाऱ्याने तर लसीवर सगळा भार टाकू नये. मका पहिल्या दिवशी मूठभर, मग दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवत न्यायचा, आणि खुराकाआधी पोटात थोडा वाळका चारा गेलेला असला पाहिजे.